काळ्या पेरिगोरमधलं आमचं बिऱ्हाड

आई आणि आत्या, दोघींनी सत्तरी ओलांडलेली. दोघी पक्क्या शाकाहारी. आईंना जिने चढवत नाहीत. अशा माणसांना युरोप दाखवायचा म्हटलं की आपल्याकडे बहुतेक घरांत टूरच घेतली जाते. टूरवर वरणभात मिळतो, भाषेची काळजी नसते, ही सोय लहान नाही. पण पहाटे बॅगा दाराबाहेर, दिवसभर बस आणि रात्री नवं हॉटेल, हे त्यांना झेपणारं नव्हतं. शिवाय आईंनी आधीच सांगून टाकलं होतं, "मला तो टॉवर नाही बघायचा गं. तिथल्या बायका सकाळी उठून काय करतात, भाजी कुठून आणतात, काय शिजवतात, ते बघायचंय."

हे बघायचं तर स्वतःची चूल हवी. माझी पुतणी बोर्दोला शिकते. तिनेच सुचवलं, एकच घर आठवडाभर भाड्याने घेऊ, स्वयंपाक आपला आपण करू, आणि तिथून तासाभराच्या अंतरात जेवढं होईल तेवढंच पाहू. तिने शोधलेला भाग नैऋत्य फ्रान्समधला, दॉर्दोन्य नदीच्या खोऱ्यातला. जुनं नाव पेरिगोर. त्याचे चार भाग मानतात, हिरवा, पांढरा, जांभळा आणि काळा. ओकच्या गर्द जंगलांमुळे काळा म्हणतात तो सार्ला गावाभोवतीचा भाग आमचा.

अशा भाड्याच्या घराला तिकडे 'झीत' म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्सची खेडी रिकामी होऊ लागली होती. शेतकऱ्याला जोडधंदा मिळावा, पडीक घरं सावरावीत आणि शहरातल्या साध्या कुटुंबांना परवडेल अशी सुट्टी मिळावी, म्हणून १९५१ मध्ये असं पहिलं घर उघडलं आणि १९५५ मध्ये घरमालकांची देशव्यापी संघटना उभी राहिली. त्यांच्याकडे दर्जा ताऱ्यांनी नाही, गव्हाच्या ओंब्यांनी मोजतात. आमच्या घराला तीन ओंब्या होत्या. जुलै-ऑगस्टमध्ये ही घरं बहुतेक शनिवार ते शनिवारच मिळतात आणि भाडंही चढतं, म्हणून आम्ही जूनच्या पहिल्या पंधरवड्यातला आठवडा धरला.

शनिवार

पॅरिसच्या ऑस्टरलिट्झ स्टेशनवरून ब्रीवची गाडी. साडेचार तासांच्या आसपासचा प्रवास, आधी सपाट गव्हाची शेतं आणि मग हळूहळू टेकड्या, गाई, ओढे. ब्रीवला नऊ आसनी व्हॅन घेतली. चालकासकट नऊ जणांपर्यंतची गाडी तिकडे साध्या परवान्यावर चालवता येते. दादांनी आंतरराष्ट्रीय परवाना पुण्यातूनच काढून आणला होता. ब्रीव ते सार्ला पन्नासेक किलोमीटर.

घर सार्ला आणि मोंतिन्याक यांच्या मधल्या एका वाडीत. पिवळसर चुनखडीच्या दोन हात जाड भिंती, निळ्या रंगाची लाकडी दारं आणि वर 'लोझ'चं छप्पर. लोझ म्हणजे चुनखडीच्या चपट्या फरश्या, एकीवर एक रचलेल्या. एका चौरस मीटरला सुमारे ५०० किलो वजन बसतं, म्हणून आतले वासे ओकचे आणि छप्पर खूप उतरतं. मालकीणबाई शेजारच्याच घरात राहणाऱ्या, साठीच्या, अक्रोडाची बाग सांभाळणाऱ्या. त्यांनी आधी आईंशी, मग आत्यांशी, मग बाकी सगळ्यांशी हात मिळवून 'बोंझूर' म्हटलं, आणि मगच किल्ली दिली.

नंतर त्यांनी पुतणीला घेऊन घर दाखवलं. किती ताटल्या, किती काटे, किती पेले, याची यादी भिंतीवर असते. ती बघून सही करायची, जाताना पुन्हा तपासायची. अनामत रक्कम त्यासाठीच. चादरी-टॉवेल आणि शेवटची साफसफाई यांचे पैसे वेगळे, आणि माणशी थोडा पर्यटक कर. जायचा विचार असेल त्यांनी हे आरक्षण करतानाच विचारून घ्यावं, कारण भाड्याच्या आकड्यात बऱ्याचदा ते धरलेलं नसतं. वाडीत ड्रेनेज नाही, सेप्टिक टँक आहे, त्यामुळे तेल किंवा खरकटं मोरीत अजिबात टाकायचं नाही. आणि दुपारी ऊन चढलं की खिडक्यांची लाकडी झापं ओढून घ्यायची. हे शेवटचं आईंना कोणी समजावून सांगावं लागलं नाही. त्यांच्या माहेरच्या वाड्यात मे महिन्यात हेच करत.

वहिनींनी पिशव्या उघडल्या. गोडा मसाला, हिंग, आमसुलं, पोहे, तूरडाळ, तांदूळ आणि इंडक्शनवर चालणारा लहान कुकर. तूप नव्हतं. युरोपात बाहेरून दूधदुभत्याचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत. पेढे, तूप, पनीर काहीच नाही. ताज्या मिरच्या, कढीपत्ता किंवा आंबे न्यायचे तर तपासणीचं प्रमाणपत्र लागतं, म्हणून तेही घरीच ठेवलं. पहिल्या रात्री मुगाची खिचडी झाली, वर ब्रीवच्या दुकानातलं लोणी. बाहेर रात्री पावणेदहापर्यंत लख्ख उजेड होता.

रविवार

रविवारी दुपारनंतर खेड्यातली दुकानं बंद, म्हणून सकाळीच सें-सिप्रियांचा आठवडी बाजार गाठला. फार मोठा नाही, पण ताजा. नवे बटाटे, मुळ्याच्या लालचुटुक जुड्या, पालक, गाजरं, लसणीच्या ओल्या माळा. आई आणि आत्या एकेका भाजीपाशी थांबत होत्या. पुतणीने त्यांना एकच गोष्ट शिकवली होती, काही विचारण्याआधी 'बोंझूर मादाम' म्हणायचं. हे म्हटल्याशिवाय बोट दाखवून भाव विचारणं तिकडे उद्धटपणा समजतात. आत्यांनी ते इतक्या ठणठणीत आवाजात म्हटलं, की भाजीवाल्या बाईने मुळ्याची एक जुडी वर घातली.

दुपारचा वेळ तुपाचा आणि पोळ्यांचा. फ्रान्समधलं चांगलं लोणी साय नुसती घुसळून काढत नाहीत, आधी ती विरजतात, म्हणजे आपल्या घरच्या लोण्याशी त्याचं नातं आहे. मिठाचं आणि बिनमिठाचं अशी दोन्ही मिळतात, ती वेष्टणावर बघून घ्यावी लागतात. आईंनी बिनमिठाच्या चार वड्या जाड बुडाच्या पातेल्यात घातल्या आणि आच मंद ठेवली. आधी पांढरा फेस, मग बुडबुडे मोठे आणि विरळ, मग आवाज कमी होत होत बारीक तडतड, आणि तळाशी बेरी बदामी झाली तसा वास घरभर पसरला. "सायीच्या लोण्याचं आहे हो हे," आई म्हणाल्या. त्यांच्या तोंडून एवढं ऐकलं म्हणजे त्या देशाला मोठं प्रशस्तिपत्रकच मिळालं. वासाने मालकीणबाई कुंपणापाशी आल्या. त्यांना एका वाटीत तूप दिलं, त्यांनी ते पावाच्या तुकड्यावर लावून उभ्याउभ्याच खाल्लं आणि बरोबर कसं केलं ते विचारलं.

पोळ्यांसाठी पीठ निवडणं हा वहिनींचा विषय. फ्रान्समध्ये पिठाच्या पुड्यांवर ४५, ५५, ६५, ८०, ११०, १५० असे आकडे असतात. पीठ जाळल्यावर मागे राख किती उरते, त्यावरून हा आकडा ठरतो. कोंडा जास्त तशी राख जास्त, तसा आकडा मोठा. ५५ म्हणजे जवळजवळ मैदा, १५० म्हणजे सगळा कोंडा आत. वहिनींनी ११० चं आणि ६५ चं निम्मंनिम्मं मिसळलं, तेल जरा सढळ घातलं आणि कणीक अर्धा तास झाकून ठेवली. तव्याचं काम क्रेपच्या, म्हणजे तिकडच्या पातळ धिरड्यांच्या, पसरट तव्याने केलं. इंडक्शनवर फुलके होत नाहीत, पण घडीच्या पोळीला जाळ लागत नाहीच. पदर सुटलेल्या पोळ्या, ओल्या लसणीची फोडणी घातलेला पालक, गरम भात, वरण, तूप. अक्रोडाच्या झाडाखाली लांब लाकडी टेबलावर सगळे एकदम जेवायला बसलो.

सोमवार

सोमवारी बरीच दुकानं बंद असतात, तेव्हा हा दिवस नदीचा. ला रोक-गाजाक हे गाव उभ्या कड्याच्या पोटाला टेकून वसलंय. समोर दॉर्दोन्य, पाठीशी कडा, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत एकावर एक घरं. १९५७ मध्ये याच कड्याचा मोठा भाग कोसळून घरं आणि माणसं गाडली गेली, हे ऐकल्यावर मान वर करून पाहताना छातीत धस्स होतं. तिथून सपाट तळाच्या लाकडी बोटी सुटतात. पूर्वी याच बोटींतून ओकचं लाकूड खाली बोर्दोकडे जाई, कारण तिथे दारूच्या पिंपांना ते लागत असे. आता प्रवासी बसतात. आईंना बोटीत बसता आलं, उतरता आलं आणि तासभर काही न चढता सगळं दिसलं.

दादा आयुष्यभर सह्याद्रीतले किल्ले पायी फिरलेले. त्यांचं मन लागलं होतं कास्तेल्नो आणि बेनाक या जोडीत. शतवर्षीय युद्ध १३३७ पासून १४५३ पर्यंत चाललं, आणि त्या काळात नदीच्या अल्याड-पल्याडचे हे दोन किल्ले बराच काळ एकमेकांवर डोळे रोखून होते. बेनाक फ्रेंचांकडे, कास्तेल्नो बहुतेक काळ इंग्रजांकडे. कास्तेल्नोत आता मध्ययुगीन युद्धाचं संग्रहालय आहे. तटावर खऱ्या मापाचे दगडफेकी यंत्रांचे नमुने उभे केलेत. एका टोकाला जड पेटी, दुसऱ्या टोकाला गोफण. पेटी खाली आली की गोफण सुटते. दादा आणि माझा मुलगा त्याच्याजवळून हलेनात. दादांना सगळ्यात भावलं ते वेगळंच. प्रत्येक बुरुजापाशी तो कोणत्या शतकात वाढवला, तोफा आल्यावर भिंत कुठे जाड केली, ते साध्या चित्रांनी दाखवलंय. "आपल्या राजगडावर, प्रतापगडावर एवढं लिहिलं तर किती मुलं गड वाचायला शिकतील," ते म्हणाले. मला ते शंभर टक्के पटलं.

तोवर आम्ही बायका जवळच्या मिलांदला. हा वाडा जोसेफीन बेकरचा. अमेरिकेत, सेंट लुईसला गरिबीत वाढलेली ही कृष्णवर्णीय मुलगी पॅरिसच्या रंगमंचावर गाजली, महायुद्धात तिने फ्रेंच प्रतिकार चळवळीसाठी हेरगिरी केली, १९४७ मध्ये हा वाडा विकत घेतला आणि जगाच्या निरनिराळ्या भागांतली बारा मुलं दत्तक घेऊन इथे वाढवली. सगळ्या वंशांची, धर्मांची मुलं एका घरात भावंडांसारखी राहू शकतात, हे तिला जगाला दाखवायचं होतं. त्या खर्चापायी ती कर्जात बुडाली आणि १९६९ मध्ये तिला याच घरातून बाहेर काढलं गेलं. स्वयंपाकघराच्या दाराच्या पायऱ्यांवर बसलेला तिचा फोटो तिथे आहे, डोक्याला रुमाल, पायात काही नाही. आत्या त्यापुढे बराच वेळ उभ्या राहिल्या. २०२१ च्या नोव्हेंबरात फ्रान्सने तिला पॅरिसच्या पाँतेऑनमध्ये, देशाच्या थोरांच्या पंक्तीत स्थान दिलं. हा मान मिळालेली ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री.

मंगळवार

लास्को, म्हणजे अश्मयुगीन भित्तिचित्रांची गुहा. खरं म्हणजे आत्या या दिवसासाठी आल्या होत्या. त्या शाळेत चित्रकला शिकवायच्या आणि सातवी-आठवीच्या मुलांना फळ्यावर लास्कोचा बैल काढून दाखवायच्या, पुस्तकातल्या करड्या छपाईवरून.

१९४० च्या ८ सप्टेंबरला मार्सेल राविदा नावाच्या अठरा वर्षांच्या पोराला मोंतिन्याकच्या टेकडीवर एक भोक सापडलं. चार दिवसांनी, १२ तारखेला, तो तीन मित्रांना घेऊन ते रुंद करत आत उतरला. भिंतींवर घोडे, बैल, हरणं. काळ सुमारे सतरा हजार वर्षांपूर्वीचा किंवा त्याहूनही मागचा. १९४८ मध्ये गुहा लोकांसाठी उघडली आणि लोटच्या लोट येऊ लागले. माणसांच्या श्वासातला कार्बन डायॉक्साइड, ओल आणि दिव्यांची उष्णता यांनी भिंतींवर हिरवं शेवाळ चढलं, मग पांढरे क्षार धरू लागले. १९६३ मध्ये सरकारने गुहा बंद केली, ती आजतागायत बंदच आहे. १९८३ मध्ये पहिली प्रतिकृती झाली, आणि २०१६ च्या डिसेंबरात टेकडीच्या पायथ्याशी संपूर्ण गुहेची नवी प्रतिकृती. आपण आता बघतो ती ही.

प्रतिकृती म्हटल्यावर मन खट्टू होईल असं मला वाटलं होतं. आत शिरलं की थंडी १३ अंशांची, जमीन ओलसर, आवाज दबलेला. खडकाचा प्रत्येक फुगवटा, प्रत्येक तडा मोजून उतरवलाय. बैलांच्या दालनातला सगळ्यात मोठा बैल साडेपाच मीटरच्या आसपास लांब आहे. खडकाला जिथे मुळातच फुगीर भाग आहे, तिथे त्या माणसाने जनावराचं पोट किंवा खांदा आणलाय. रंग म्हणजे गेरू, पिवळी माती आणि मँगनीजचा काळा. काही ठिकाणी तो बोटांनी किंवा कुंच्याने लावलेला, काही ठिकाणी फुंकरीने उडवलेला. उजेडाला चरबीवर जळणारे दगडी दिवे.

आत्यांनी मला कोपराला धरून एका गायीपाशी नेलं. "पाय बघ. जवळचे दोन पाय धडाला जोडलेत. पलीकडचे दोन बघ, वर जिथे चिकटायला हवेत तिथे फट सोडलीय." खरंच होती. तेवढ्या एका रिकाम्या जागेमुळे ते पाय मागे गेले होते आणि जनावराला जाडी आली होती. "हे मी मुलांना कागदावर शिकवत आले. यांना सतरा हजार वर्षांपूर्वी कोणी शिकवलं असेल?" त्यांचा आवाज भरून आला होता. मार्गदर्शक मुलीला पुतणीने हे भाषांतर करून सांगितलं, तेव्हा तिने बाकीच्या गटाला थांबवून ते पाय दाखवले. तिने आणखी एक गोष्ट सांगितली. या माणसांच्या जेवणातली जी हाडं सापडली, त्यांत बहुतेक रेनडिअरची आहेत, आणि भिंतीवर रेनडिअर जवळजवळ नाहीच. म्हणजे भूक लागली म्हणून काही हे काढलेलं नाही.

मला सारखं अजिंठा आठवत होतं. १८१९ मध्ये शिकारीला निघालेल्या जॉन स्मिथला ती लेणी दिसली, आणि तिथेही गर्दीचा श्वास आणि ओल चित्रांना खातेच आहे. फर्दापूरला पायथ्याशी लेणी १, २, १६ आणि १७ यांच्या प्रतिकृती उभारलेल्या आहेत. लास्कोसारखं जीव ओतून, चांगले मार्गदर्शक देऊन त्या चालवल्या, तर मूळ चित्रांवरचा भार उतरेल आणि लोकांना जवळून, चांगल्या उजेडात, हवा तितका वेळ पाहता येईल. प्रतिकृती बघणं म्हणजे फसवणूक नव्हे, हे मी लास्कोत स्वतः अनुभवलं. आपल्याकडे हे व्हायलाच हवं.

बुधवार

सार्लाचा बाजार बुधवारी आणि शनिवारी भरतो. १९६२ मध्ये आंद्रे मालरो सांस्कृतिक मंत्री असताना जुन्या वस्त्या पाडण्याऐवजी जपण्याचा कायदा झाला, आणि सार्ला त्याचा लाभ मिळालेल्या पहिल्या गावांपैकी. त्यामुळे मधाच्या रंगाची सगळी जुनी पेठ अंगावर येते. सेंत-मारी नावाचं जुनं चर्च आहे, ते आता झाकलेली मंडई झालंय. याच गावात वाढलेल्या वास्तुरचनाकार झाँ नुव्हेल यांनी त्याला अवाढव्य पोलादी दारं बसवली. आत कमानींखाली पाव, मध, चीज.

आई बाहेरच्या रस्त्यावरच रमल्या. एका खरबूजवाल्याने पुतणीला विचारलं, "आज दुपारी खाणार की संध्याकाळी?" ती म्हणाली, "संध्याकाळी." मग त्याने एक उचललं, हातात तोललं, देठाशी पाहिलं, नाकाला लावलं, परत ठेवलं, दुसरं उचललं. असं चौथं दिलं. आई पुतणीला म्हणाल्या, "त्याला सांग, आमच्या मंडईतला आंबेवाला पण असंच विचारतो." त्याने ऐकून आईंना एक फोड कापून दिली. संध्याकाळी ते खरबूज कापलं, तेव्हा बरोबर त्याच घडीला पिकलेलं होतं.

शाकाहारी माणसांनी या भागात काय सांभाळायचं तेही सांगते. पेरिगोर हा बदकांचा आणि हंसांचा मुलुख. लसूण घातलेले खरपूस बटाटे दिसतात सार्लाच्या प्रत्येक हॉटेलात, पण ते बदकाच्या चरबीत परततात. सॅलडवरही बदकाचे तुकडे असू शकतात. बहुतेक पारंपरिक चीजमध्ये वासराच्या जठरातलं विरजण असतं, आणि रोकामादूरसारख्या मानांकित चीजमध्येही. आईंना ते कळल्यावर त्यांनी चीजला हात लावला नाही. आणि फुआ ग्राच्या, म्हणजे बदक-हंसांच्या यकृताच्या, बरण्या सगळीकडे रचलेल्या. पक्ष्यांना नळीने जबरदस्तीने खाणं भरवून त्यांची यकृतं वाढवतात. तिथल्या लोकांचा तो पिढ्यानपिढ्यांचा धंदा आहे हे मी समजू शकते, पण मला तो क्रूर वाटतो आणि आमच्या घरात कोणी तो घेतला नाही. स्वतःचं स्वयंपाकघर असल्याचा मोठा फायदा हाच. बाजारातून काय घ्यायचं आणि काय नाही ते आपण ठरवतो, कुणाशी वाद न घालता.

घरी आणल्या त्या गारिगेत जातीच्या स्ट्रॉबेऱ्या. लांबट, नाजूक, आंबटगोड. फार दिवस टिकत नाहीत. निम्म्या वाटेतच संपल्या.

गुरुवार

सकाळपासून पाऊस. कुठेच गेलो नाही, आणि माझ्या मते सगळ्यात चांगला दिवस हाच. टूरवर पाऊस आला तरी बस सुटतेच.

अकराच्या सुमाराला मालकीणबाई छत्री घेऊन आल्या आणि आईंना खुणेने "चला" म्हणाल्या. दोघी बागेत. एकीला फ्रेंचशिवाय काही येत नाही, दुसरीला मराठीशिवाय. मी खिडकीतून पाहत होते. मालकीणबाईंनी झाडावरचा हिरवा, लिंबाएवढा अक्रोड तोडून नखाने सोलला आणि आईंचं बोट त्याला लावलं. थोड्या वेळाने बोट तपकिरी. ते आठवडाभर जात नाही. २४ जूनच्या, संत योहानाच्या सणाच्या आसपास असे कोवळे अक्रोड तोडून दारूत मुरवतात आणि त्याची गोड वाइन करतात. पिकलेले अक्रोड सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात पडतात. पूर्वी हिवाळ्यात शेजारी एका घरी जमून लाकडी हातोडीने अक्रोड फोडत, गर अखंड निघावा म्हणून जपून, आणि गप्पा, गाणी चालत. पुतणीने नंतर येऊन हे सगळं उलगडलं, पण आईंना त्यातलं बरंच आधीच कळलं होतं. त्यांनी स्वतःच सांगितलं, "आमच्याकडे काजू असेच फोडतात, आणि त्याचा चीक असाच उततो."

वहिनींनी अक्रोडाचा गर, सुकी लाल मिरची, लसूण आणि मीठ खलबत्त्यात कुटून चटणी केली. शेंगदाण्याच्या चटणीपेक्षा मऊ, जरा तुरट, वर त्याच बागेतलं अक्रोडाचं तेल. हे तेल तापवायचं नाही, वरूनच घ्यायचं. रात्री घट्ट दही पंच्यात बांधून मोरीच्या नळाला टांगलं.

शुक्रवार

रुफिन्याकची गुहा. इथे प्रतिकृती नाही, सगळं मूळ आहे, आणि आत १९५९ पासून विजेवर चालणारी छोटी आगगाडी आहे. गुहा इतकी पसरलेली की सगळे फाटे मिळून आठ किलोमीटर होतात. आई गाडीत बसून जमिनीच्या पोटात तेवढ्याच आत गेल्या, जेवढ्या आम्ही. वाटेत भिंतींवर अस्वलांच्या नखांचे ओरखडे आणि जमिनीत त्यांनी झोपण्यासाठी कोरलेले खड्डे. ती अस्वलं चित्रकारांच्याही फार आधीची. मग मॅमथ. दीडशेच्या वर आहेत, काही काळ्या रेघेत काढलेले, काही कोरलेले, कपाळाचा उंचवटा, लोंबते केस, बारीक डोळा.

शेवटी गाडी थांबते आणि वर मोठं छत. घोडे, गवे, रानबकरे, मॅमथ, गेंडे एकमेकांवर. आज आपण खाली उभं राहून ते सगळं एकदम पाहतो, कारण पाहणाऱ्यांसाठी जमीन नंतर खोदून खाली नेलीय. ज्यांनी काढलं त्यांना जेमतेम मीटरभर जागा होती. पाठीवर पडून, दिव्याच्या उजेडात, हाताच्या टप्प्यात येईल तेवढंच दिसत असताना काढलेलं आहे. पूर्ण चित्र त्यांनी कधी पाहिलंच नाही. आत्यांनी वहीत काही काढलं नाही. फक्त पाहत राहिल्या.

संध्याकाळी मालकीणबाई आणि त्यांचे पती जेवायला. वरण, भात, तूप, बटाट्याची कोरडी भाजी, काकडीची कोशिंबीर, पोळ्या, अक्रोडाची चटणी, आणि टांगलेल्या चक्क्याचं केशर-वेलदोड्याचं श्रीखंड, वर स्ट्रॉबेऱ्या. ताटात सगळं एकदम वाढलेलं पाहून त्यांना नवल वाटलं, कारण तिकडे एक पदार्थ संपल्यावर दुसरा येतो. आईंनी आधी चटणी डावीकडे, भाजी उजवीकडे, मध्ये भात, असं त्यांच्यासमोर वाढून दाखवलं आणि त्यांनी तोच क्रम पाळला. त्यांच्या पतींनी पोळी तिसऱ्यांदा मागितली. त्यांनी अक्रोडाचा केक आणला होता. अंडं असल्यामुळे आई-आत्यांनी तो खाल्ला नाही, हे कळताच मालकीणबाई घरी जाऊन चेरींनी भरलेली टोपली घेऊन आल्या. साडेदहापर्यंत सगळे टेबलापाशीच.

शनिवार

दहा वाजेपर्यंत घर सोडायचं असतं. काचा काचेच्या पेटीत, प्लास्टिक वेगळ्या पेटीत, ओला कचरा बागेतल्या खतखड्ड्यात. मालकीणबाईंनी ताटल्या-पेले मोजले नाहीत, यादीवर नुसती सही केली आणि अनामतीचा चेक परत दिला. वहिनींनी उरलेला गोडा मसाला आणि हिंगाची डबी त्यांच्या हातात ठेवली, पुतणीने प्रमाण लिहून दिलं. त्यांनी आईंना अक्रोडाच्या तेलाची बाटली दिली.

ब्रीवला गाडी यायला वेळ होता. फलाटावर आईंनी पुतणीला विचारलं, "ऑक्टोबरात त्यांना अक्रोड वेचायला माणसं लागतात म्हणाल्या ना त्या?" पुतणी हो म्हणाली. त्यावर आत्यांनी लगेच विचारलं, "तेव्हा तिथे थंडी किती असते? स्वेटर पुरेल की कोट लागेल?" पुतणी तिथेच मोबाइलवर ऑक्टोबरचं तापमान बघू लागली.